काउंट वाढला की इन्फेक्शनच?

सीबीसीच्या, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीच्या, रिपोर्टबद्दल एक मेसेज सध्या ग्रुपांवर फिरतोय: 'टोटल काउंट ११,०००च्या वर म्हणजे इन्फेक्शन. अँटिबायोटिक सुरू करा. तरी उतरला नाही तर ब्लड कॅन्सर. ११,०००च्या आत असेल तर निर्धास्त राहा.' चार वाक्यं, चारही लंगडी.

टोटल काउंट म्हणजे रक्तातल्या पांढऱ्या पेशींची संख्या. मुळात ११,००० ही मर्यादा धडधाकट प्रौढांची. नवजात बाळाचा काउंट २०,००० निघाला तरी चालतो. गरोदरपणात १४-१५ हजार सहज असतो, कळा सुरू झाल्या की आणखी वर जातो.

इन्फेक्शन हे नेहमीचं कारण, हे कबूल. पण दम्यासाठी स्टेरॉइड घेणाऱ्याचाही काउंट वाढतो. एरवी बऱ्याच पांढऱ्या पेशी रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटून असतात, त्या मोजणीत येत नाहीत. स्टेरॉइडमुळे त्या सुटून वाहत्या रक्तात येतात. पारावरची मंडळी रस्त्यावर उतरली म्हणून गावाची वस्ती वाढत नाही, तसंच हे. जोरात धावणं, फिट येणं, तीव्र वेदना यांनीही काही काळ असंच होतं. बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांचा काउंट तर वर्षानुवर्षं थोडा चढाच राहतो.

अँटिबायोटिकचा सल्ला सगळ्यात घातक. टोटल काउंटखाली डिफरन्शियल काउंट, म्हणजे पांढऱ्या पेशींची प्रकारवार वाटणी, छापलेला असतो, तो कुणी वाचतच नाही. त्यातल्या न्यूट्रोफिल नावाच्या पेशी वाढल्या तर जिवाणूंचा संशय घ्यायला जागा आहे. इओसिनोफिल हा प्रकार वाढला तर मात्र जंत, ॲलर्जी, दमा यांकडे बघायचं. विदर्भात हत्तीरोगाचे जिल्हे आहेत. तिथे रात्री कोरडा खोकला येत असेल आणि इओसिनोफिल ३,०००च्या वर असतील, तर डॉक्टर फायलेरियाचा, म्हणजे हत्तीरोगाच्या जंतांचा, विचार करतात. त्यावर डीईसी या जंतांवरच्या औषधाची गोळी लागते, अँटिबायोटिकचा काही उपयोग नाही.

कॅन्सर १३-१४ हजारांवरून ठरत नाही. सीएमएल या ब्लड कॅन्सरमध्ये काउंट पुष्कळदा लाखाच्या पुढे असतो, प्लीहा वाढलेली असते, स्मिअरमध्ये (काचेवर पसरलेल्या रक्ताच्या थेंबात) अपक्व पेशी दिसतात. आणि त्यावर २००१पासून इमॅटिनिबची गोळी आहे. उलट काही ल्युकेमियांत, म्हणजे ब्लड कॅन्सरांत, काउंट चक्क कमी असतो.

राहिलं 'निर्धास्त राहा'. टायफॉइडमध्ये काउंट बहुधा वाढत नाही, उतरतोही. डेंग्यूत तो ३,०००च्याही खाली जाऊ शकतो. मेसेजच्या हिशेबानं हा पेशंट ठणठणीत.