माझ्याच घरात विनातिकीट

गेल्या रविवारी मी माझ्याच घरात, माझ्याच पैशाने आणलेल्या चीजवरून, 500 रुपये दंड भरला. रोख. वसूल करणारे गृहस्थ आमच्याच बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर राहतात आणि दंड घेताना ते माझ्याच खुर्चीत बसून माझंच ताक पीत होते. आज मंगळवार. राग गेलाय, असं बायकोला सांगितलंय.

प्रकरण फॉन्ड्यूचं, म्हणजे वितळलेल्या चीजच्या भांड्यात काट्याने पावाचे तुकडे बुडवून खायचं. लग्नात मावसभावाने दिलेला सेट नऊ वर्षं माळ्यावर पडून होता. दिवाळीच्या आवराआवरीत खाली आला, मग फ्रिजवर बसला, आणि जानेवारीत जळगावला थंडी पडली तेव्हा मला उगाच हुक्की आली. चार घरं बोलावली.

मूळ प्रकार स्वित्झर्लंडचा. ग्रुएर आणि एमेंटाल ही चीजं, व्हाइट वाइन, लसूण, कॉर्नफ्लोअर आणि शेवटी किर्श नावाची चेरीची दारू. या यादीतलं आमच्या घरात लसूण आणि कॉर्नफ्लोअर होतं. ग्रुएर आमच्याकडे बादच, कारण ते जमवायला वासराच्या पोटातलं रेनेट लागतं आणि आमच्या घरात अजून केकसुद्धा आधी वास घेऊन खातात. शिवाय जळगावात सोनं गल्लोगल्ली मिळतं, ग्रुएर मिळत नाही. वाइनचा विषय मी काढला तेव्हा बायकोने नुसतं देव्हाऱ्याकडे बोट केलं. म्हणून लिंबू. वाइन तिथे केवळ चैनीसाठी नसते हो. तिच्या आंबटपणामुळे चीज गोळा न होता सैल राहतं, आणि ते काम लिंबूही करतं. हे मला माहीत होतं. माहीत असूनही लिंबू मी कमी पिळलं.

दुकानदाराने विचारलं, "क्यूब की स्लाइस?" मी म्हणालो, वितळणारं द्या. त्याने निम्मं प्रोसेस्ड दिलं, निम्मं मोझरेला. प्रोसेस्ड बिचारं गुणी असतं, त्यात घातलेल्या क्षारांमुळे मुकाट वितळतं. मोझरेला मात्र गरम पाण्यात मळून ताणलेलं चीज. ते वितळून मिसळत नाही, त्याला ताणायचंच असतं. त्यात मी गॅस मोठा ठेवला. दहा मिनिटांत भांड्यात खाली रबर आणि वर तेल.

आणि तेव्हाच नाना आले.

नाना रेल्वेत टीसी होते. 34 वर्षं, भुसावळ डिव्हिजन. मूळचे अमळनेरकडचे, त्यामुळे लाडात आले की अहिराणी, रागावले की मराठी, आणि कायद्यावर आले की हिंदी. हातात कापडी पिशवी. पिशवीतून पातीचे कांदे बाहेर डोकावत होते, चार मुळे होते, दोन लिंबं. जानेवारीत खान्देशात कुणी संध्याकाळी जेवायला बोलावलं तर दुसरं काय असणार? भरीतच. मी आमंत्रण देताना पदार्थाचं नाव सांगितलं होतं, पण नानांना ते ऐकू आलं नव्हतं, किंवा आलं असेल आणि त्यांनी ते मनावर घेतलं नसेल.

"वांग्यांचा वास नाही येऊन राह्यला भो," दारातच ते म्हणाले. मग थेट स्वयंपाकघरात आले, भांड्यात वाकून पाहिलं. "हाई काय शे?"

मी सांगितलं. त्यांनी वर तरंगणारं तेल पाहिलं आणि मान डोलावली. "तर्री मस्त आली."

काकू मागून म्हणाल्या, "चीजनं पिठलं शे का व माय?" हे 'पिठलं' तेवढ्यावरच थांबलं असतं तर मी हा लेख लिहिला नसता.

भांडं कसंबसं सावरलं. गॅस बारीक केला, नानांच्याच पिशवीतलं लिंबू पिळलं, त्यात कॉर्नफ्लोअर कालवून घातलं आणि पळीने आठाचा आकडा काढत घोटत राहिलो. तेल हळूहळू आत गेलं. हे खरंच होतं, मी पाहिलं, आणि त्या क्षणी माझ्याशिवाय ते पाहायला कुणीही नव्हतं, कारण सगळे हॉलमध्ये भरीत कुठलं चांगलं यावर बोलत होते. वरून जायफळ किसलं. सेट टेबलावर मांडला, खाली मेणबत्ती लावली आणि मग लक्षात आलं की छोट्या मेणबत्तीचा सेट हा चॉकलेटसाठी असतो. चीजला खाली चांगला स्पिरिटचा दिवा लागतो. मावसभावाने लग्नात हातसुद्धा आखडता घेतला होता, हे नऊ वर्षांनी कळलं. दर पाच मिनिटांनी भांडं उचलून गॅसवर, गॅसवरून टेबलावर. रात्रभर मी शटल मारत होतो.

आता सोबत काय द्यायचं. तिकडे शिळा, घट्ट पाव घेतात, आणि तुकडे असे कापतात की प्रत्येकाला एका बाजूने कड राहील. काटा मऊ बाजूने घालून कडेतून बाहेर काढायचा, म्हणजे तुकडा निसटत नाही. सोबत सालासकट उकडलेले छोटे बटाटे, व्हिनेगरमधल्या बोटभर काकड्या आणि छोटे कांदे. आंबट पाहिजेच, नाहीतर चौथ्या घासाला चीज नकोसं होतं. मी बेकरीतून ताजी पावाची लादी आणली आणि मुलगा कडा खात नाही म्हणून सगळ्या कडा प्रेमाने कापून टाकल्या. पुढचं सगळं या प्रेमामुळे झालं.

काकूंनी मात्र एक डबा आणला होता. त्यांच्याकडे दुपारी वरण-बट्टी झाली होती, उरलेल्या बट्ट्या. जाडसर दळलेल्या गव्हाच्या पिठाची, ओवा घातलेली, वाफवून, कापून तुपात तळलेली बट्टी. तिला सगळीकडून कडच असते. नानांनी काट्याला बट्टी लावली, भांड्यात बुडवली, गोल फिरवली आणि वर काढली. मोझरेलाची तार भांड्यापासून नानांच्या तोंडापर्यंत आणि तिथून त्यांच्या तपकिरी स्वेटरच्या दुसऱ्या बटणापर्यंत गेली. नाना उठून उभे राहिले, तार तुटेना. एक पाऊल मागे सरकले. तार बारीक होत होत दोऱ्याएवढी झाली आणि टेबलक्लॉथवर आडवी पडली. बट्टी मात्र काट्यावर शाबूत.

वातावरण हलकं करायला मी म्हणालो, "तिकडे एक मजेशीर रीत आहे. ज्याचा तुकडा भांड्यात पडेल, त्याने काहीतरी द्यायचं."

नानांनी काटा खाली ठेवला. "म्हणजे दंड."

"दंड नाही नाना. गंमत."

"किती?"

"तसं ठरलेलं नाही. कुणी बाटली आणतं, कुणी भांडी घासतं, बायका शेजाऱ्याचा मुका..." बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी भांड्यांवर थांबलो.

"रेल्वेत कमीत कमी 250. भाडं वेगळं." नानांनी खिशातून पेन काढलं. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, पण पेन अजून शर्टाच्या खिशात, टोपण वर. "शेजारधर्म म्हणून 50 लावू."

आणि माझा पाव पडला. बिनकडेचा, ताजा, लुसलुशीत. काट्यावरून असा अलगद सुटला की जणू त्याला पोहायचंच होतं.

"साहेब," नाना म्हणाले.

तोवर मी 'भो' होतो. आठ वर्षांच्या शेजारात त्यांनी मला साहेब कधी म्हटलं नव्हतं. पेपर नॅपकिनवर त्यांनी एक उभी रेघ मारली.

"नाना, मी तो काढून खातो ना."

"गाडीत चढल्यावर तिकीट काढलं म्हणून विनातिकीट नव्हतो, असं होत नाही."

"पण भांडं माझं आहे."

"मी सख्ख्या मेव्हण्याला नांदगावला उतरवलंय."

दुसरा पडला, तिसरा पडला. आता भांडं गार झालं होतं, चीज घट्ट, पाव मऊ. बुडवला की चीज त्याला धरून ठेवत होतं आणि काटा एकटाच परत येत होता. समोरचं जोडपं हुशार, त्यांनी नानांच्या डब्यातल्या बट्ट्यांकडे मोर्चा वळवला. कुणी केळीचे वेफर्स बुडवले, ते मोडले; त्यावर नानांनी निर्णय दिला की वेफर म्हणजे हातातलं सामान, त्याला तिकीट नाही. कुणी मुळ्याची चकती बुडवली आणि ती, मान्य करायला जिवावर येतं, फार छान लागली. काकूंच्या लिंबाच्या लोणच्याने व्हिनेगरच्या काकडीचं काम चोख केलं. म्हणजे मी सोडून सगळ्यांनी आणलेलं सगळं जमलं.

मग मुलाचा पाव पडला.

"वय?"

"सहा."

"पाचच्या आत असता तर माफ होता." नाना विचारात पडले. "बर्थ मागितला होता का?"

"नाना, तो माझ्या मांडीवर बसलाय!"

"मग अर्धा. 25." थोड्या वेळाने त्याचा आणखी एक पडला. तो टाळ्या वाजवत होता. त्याच्या वयात दंड दुसऱ्याने भरायचा असतो.

माझे नऊ. 450. मुलाचे दोन अर्धे, 50. नानांनी बेरीज दोनदा तपासली. हॉलमध्ये हशा पिकला होता, मीही हसत होतो, आणि हसता हसता पाकिटातून पाचशेची नोट काढताना मला खरोखर राग आला. चीजचेच 750 गेले होते. संध्याकाळी पाचपासून मी उभा होतो. एकाने म्हटलं नाही की बाबा, बस, भांडं मी आणतो.

आमच्याकडे भरीत फसलं तर "वांगी जून निघाली" म्हणतात. दोष वांग्याचा. फॉन्ड्यू फसला की दोष माणसाचा. मागच्या हिवाळ्यात शेतावर नानांनी केलेल्या भरतात हिरव्या मिरच्या एवढ्या होत्या की माझे पुढचे दोन दिवस कुठे गेले ते मी सांगू शकत नाही, आणि तरी मी निघताना "झकास" म्हणालो होतो. पाहुण्याचं एक कर्तव्य असतं. ते फक्त भरतालाच लागू आहे का?

खरं तर स्विस लोकांचंही काही निरागस नाही. आपल्याला वाटतं, पिढ्यान्पिढ्या सगळा देश बर्फात भांड्याभोवती बसत आला. पण 1930 च्या दशकात तिथल्या चीज युनियनने जोरदार प्रचार करून फॉन्ड्यूला राष्ट्रीय पदार्थ केलं, कारण चीज खपवायचं होतं. आमच्या भरताच्या वांग्याला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण त्याच्या कितीतरी आधीपासून लोक शेतात कपाशीच्या वाळक्या काड्या पेटवून वांगी भाजत बसलेत. त्यासाठी कुठल्या युनियनला जाहिरात करावी लागली नाही. हे मी नानांना सांगितलं नाही. आयतं कोलीत कशाला द्या.

ताकाचंही तेच. फॉन्ड्यूवर गार काही पिऊ नये, पोटात चीजचा गोळा होतो, अशी तिकडे समजूत. गरम काळा चहा किंवा वाइन घ्यायची. मी थर्मासभर काळा चहा केला होता. कुणी हात लावला नाही. नाना फ्रिजमधलं ताक घेऊन आले. मी म्हणालो, "नाना, झुरिकच्या डॉक्टरांनी यावर 2010 मध्ये अभ्यास छापलाय. 20 निरोगी माणसांना फॉन्ड्यू खायला घालून कुणाला वाइन दिली, कुणाला चहा. वाइनने पोट रिकामं व्हायला जास्त वेळ लागला."

"आणि ताकाने?"

"ताक दिलंच नाही त्यांनी."

"मग कसले डॉक्टर," नाना म्हणाले आणि ग्लास रिकामा केला. "बरं साहेब, नाश्ता झाला. जेवण काय?"

शांतता पसरली. बायकोने माझ्याकडे पाहिलं नाही, हे जास्त वाईट होतं. शेवटी ठरलं की दंडाची रक्कम लोकहितासाठी वापरावी. शेवभाजी पार्सल आणावी, तिखट, आणि पोळ्या. लोकहितासाठी रात्री साडेनऊला, थंडीत, स्कूटर घेऊन मीच गेलो. 480 झाले. उरलेले 20 नानांनी परत आल्यावर हिशेबात जमा करून घेतले, म्हणजे स्वतःच्या खिशात.

पण मला झोंबलं ते हे नाही.

फॉन्ड्यू संपत आला की भांड्याच्या तळाशी चीजची खरपूस, कुरकुरीत पापडी धरते. स्वित्झर्लंडच्या फ्रेंच भागात तिला 'रलिजियूझ' म्हणतात, म्हणजे जोगीण. ती खरवडून काढायची आणि सगळ्यांनी वाटून खायची. या अख्ख्या खटाटोपातला सगळ्यात चांगला घास तो. मी पाच वाजल्यापासून त्या एका घासासाठी उभा होतो. शेवटी शेवटी भांडं मुद्दाम बारीक गॅसवर ठेवून गेलो होतो, की येईपर्यंत नीट धरेल.

दार उघडलं. नाना स्वयंपाकघरात ओट्याशी, भांडं कुशीत, हातात माझं लाकडी उलथनं. भांडं आतून इतकं स्वच्छ होतं की लग्नात मिळालं तेव्हाही नसेल.

"खरवड होती," ते म्हणाले. ओठाच्या कोपऱ्याला एक सोनेरी कण चिकटलेला. मी पुन्हा भो झालो होतो. "वाया जाऊन राह्यली होती. हेच आधी का नाही वाढलं भो?"