गुरुपुष्याच्या सकाळी साइटवर जुना भाव का दिसला

ताई, नमस्कार.

तुमच्या दुकानाची साइट आम्ही बनवली आणि सांभाळतो; त्या कामाला तुम्ही दिलेला एक तारा आणि त्याखालचा रिव्ह्यू परवाच वाचला. उत्तराला दोन दिवस लागले, कारण गुरुपुष्याच्या आदल्या रात्री नक्की काय झालं ते एकेक कमिट (म्हणजे जपून ठेवलेल्या बदलाची नोंद) उघडून पाहिल्याशिवाय मला लिहायचं नव्हतं.

तुमचं म्हणणं असं: गुरुपुष्याच्या सकाळी साइटवर सोन्याचा तीन महिन्यांपूर्वीचा भाव दिसत होता. ठुशी आणि साजाचे जुने फोटो गेले होते, त्या जागी नुसते पांढरे चौकोन. साडेदहापर्यंत आमच्याकडे कुणी फोन उचलला नाही. आणि एवढं होऊनही आम्ही 'सगळं गिटमध्ये सुरक्षित आहे' असं सांगतो, ही फसवणूक आहे. (गिट म्हणजे फाइलमधल्या बदलांच्या नोंदी जपणारा प्रोग्राम.)

पहिल्या तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि तिन्हींची चूक आमची आहे. सराफी दुकानाच्या साइटला गुरुपुष्याच्या आदल्या रात्री हात लावायचाच नसतो. कॅलेंडर न बघता त्या अपडेटला होकार मी दिला. ज्या मुलाने रात्री काम केलं त्याच्यावर मी काही ढकलणार नाही.

आता 'फसवणूक' या शब्दाबद्दल. तो मला लागला, पण तुमच्या जागी मीही तोच वापरला असता. म्हणून काय घडलं ते नीट सांगतो.

साइट उभी केली तेव्हा आम्ही साइटचा कोड, भावाची फाइल आणि फोटोंचं फोल्डर असं सगळं एकत्रच गिटमध्ये टाकलं. खरी चूक तिथे झाली. कोड आम्ही बदलतो, महिन्यातून एकदा-दोनदा. भाव तुम्ही बदलता, रोज सकाळी दुकान उघडायच्या आत. फोटो तर तुमच्याकडे नवा माल आला की चढतात. हे बदल साइट जिथून चालते त्या सर्व्हरवर होत होते, पण त्यांचं कमिट कुणीच करत नव्हतं. आणि गिट फक्त कमिट केलेलं जपतं. त्यामुळे गिटच्या लेखी तुमचा भाव तीन महिने साइट सुरू झाली त्या दिवसाचाच होता. तोवरच्या आमच्या एकाही अपडेटने त्या फाइलला हात लावला नव्हता, म्हणून काही बिघडलंही नाही आणि आमच्या लक्षातही आलं नाही.

त्या रात्री आम्ही नेमकी हीच चूक दुरुस्त करायला बसलो होतो. गिटइग्नोर या वगळायच्या फाइलच्या यादीत नाव लिहिलं की गिट त्या फाइलकडे बघत नाही, असा बऱ्याच जणांचा समज असतो. ते फक्त गिटमध्ये अजून न आलेल्या फाइलना लागू होतं. आधीच आत असलेली फाइल वेगळी बाहेर काढावी लागते. त्यासाठी 'गिट आरएम' ही आज्ञा 'कॅश्ड' जोडून देतात. ती जिथे देता त्या मशीनवर फाइल जागेवर राहते, फक्त गिटच्या नोंदीतून जाते. रात्री काम करणाऱ्या मुलाच्या लॅपटॉपवर तसंच झालं, म्हणून तो निर्धास्त होता. पण तोच कमिट दुसरीकडे पुल केला, म्हणजे तिथे उतरवून घेतला, की तिथे मात्र ती फाइल खरोखर पुसली जाते. सर्व्हरवर तुमचे जुने फोटो असे गेले. मागच्या दोन महिन्यांत तुम्ही चढवलेले बुगडी आणि मोहनमाळेचे फोटो गिटमध्ये कधी गेलेच नव्हते, म्हणून ते राहिले. अर्धे गेले आणि अर्धे राहिले हे तुम्हाला विचित्र वाटलं, त्याचं कारण एवढंच.

भावाचं त्याहून वाईट झालं. पहिल्या पुलला गिटने नकार दिला होता. सर्व्हरवरच्या या फाइलमध्ये बदल आहेत, ते पुसले जातील, असा स्पष्ट इशारा स्क्रीनवर आला होता. तिथे थांबायला हवं होतं. रात्रीचे साडेबारा वाजले होते. 'रीसेट हार्ड', म्हणजे कमिट न केलेले बदल टाकून देणारी आज्ञा, मारली गेली, तुमचा ताजा भाव गेला, पाठोपाठ पुल झाला आणि फाइलच उडाली. साइट एरर देऊ लागली तेव्हा लॅपटॉपवरची फाइल उचलून सर्व्हरवर ठेवली. तिच्यात तीन महिन्यांपूर्वीचा भाव होता.

फोटो आम्ही पावणेअकरापर्यंत सगळेच्या सगळे परत आणले, कारण ते आधीच्या कमिटमध्ये होते. ताजा भाव मात्र तुम्हालाच फोनवर विचारावा लागला, कारण तो गिटमध्ये कधी नव्हताच. म्हणजे 'सगळं गिटमध्ये सुरक्षित आहे' हे मी तुम्हाला सांगितलं ते चुकीचंच होतं. फसवायचा हेतू नव्हता, पण वाक्य खोटं ठरलं आणि ते मी मागे घेतो.

तुमच्या भाच्याने सुचवलंय की गिट काढून टाका आणि फाइल एफटीपीने, म्हणजे बदलांची नोंद न ठेवता, थेट सर्व्हरवर चढवा. हे मात्र मला पटत नाही. थेट चढवत असतो तर चुकून पुसलेले ते फोटो आणायचे कुठून? लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ साली गिट बनवलं ते लिनक्सच्या कोडसाठी, आणि कोड सांभाळायला त्याच्याइतकं भरवशाचं मला दुसरं काही माहीत नाही. रोज हलणारी फाइल आत ठेवून तिच्या बदलांकडे दुर्लक्ष कर, असं गिटला सांगायची नीट सोयच नाही. त्यासाठी लोक दोन-तीन युक्त्या सांगतात, पण गिटच्या स्वतःच्या प्रश्नोत्तरांत स्पष्ट लिहिलंय की अशी सोय नाही, नमुना फाइल आत ठेवा आणि खरी फाइल बाहेर. हे मी तीन महिन्यांपूर्वीच पाळायला हवं होतं.

आता तसंच केलं आहे. भावाची फाइल आणि फोटोंचं फोल्डर साइटच्या फोल्डरच्या बाहेर हलवलंय, साइटला फक्त तिथला पत्ता दिला आहे. अपडेट कितीही वेळा झालं, कुणी रात्री साडेबाराला काहीही मारलं, तरी त्याचा हात तिथवर पोचत नाही. गिटमध्ये भावाची फक्त रिकामी नमुना फाइल आहे. खऱ्या फाइलची आणि फोटोंची रोज रात्री वेगळी प्रत दुसऱ्या सर्व्हरवर जाते. आठवड्यातून एकदा त्या प्रतीतून एखादा फोटो परत आणून बघायचं काम मी स्वतःकडे घेतलंय, कारण परत आणून न पाहिलेल्या बॅकअपवर माझा विश्वास नाही.

आणखी एक, हे खरं तर तुमच्या रिव्ह्यूमुळे सुचलं. भावाच्या फाइलवर आजची तारीख नसेल तर साइट आता आकडा दाखवतच नाही. तिथे 'आजच्या भावासाठी दुकानात फोन करा' असं येतं.

त्या सकाळी दोन गिऱ्हाइकं मोबाइलवर जुना भाव दाखवत आली आणि तुम्ही शब्द राखून त्याच भावाने माल दिलात, असं तुम्ही लिहिलंय. तो फरक आम्ही भरून देणार. बिलं पाठवू नका, आकडा कळवा, मी मान्य करतो. या वर्षीचं मेंटेनन्सही आम्ही घेणार नाही.

फोनचं म्हणाल तर आमचं ऑफिस साडेदहाला उघडतं आणि तुमचं दुकान दहाला. रात्री काम केलं की दुसऱ्या दिवशी सकाळी आठपासून माझा स्वतःचा नंबर चालू राहील, तो तुम्हाला व्हॉट्सअॅपवर पाठवला आहे. सणाच्या, मुहूर्ताच्या आणि लग्नसराईच्या तारखा एकदा सांगून ठेवा, त्यांच्या आधीचे तीन दिवस साइटला कुणी हात लावणार नाही.

तुमची हरकत नसेल तर मंगळवारी सकाळी साडेनऊला दुकानावर येतो. तुम्ही भाव बदला, मी तुमच्यासमोर अपडेट चालवतो, आणि भाव जागेवर राहतो की नाही ते तुमच्याच मोबाइलवर बघू.