कप ठेवायला जागा

माझ्या कयाकच्या बुडावर चहाचे तीन गोल डाग पडले आहेत. कालच्या रविवारचे. नाक जवळ नेलं तर आल्याचा वास अजून येतो.

आम्ही न्यू जर्सीत राहतो. दोन गाड्यांच्या गॅरेजात गेले आठ महिने मी स्वतः बांधायला घेतलेली ही कयाक, म्हणजे एक अरुंद, वल्ह्याची सतरा फुटी होडी, पालथी पडलेली आहे आणि दोन्ही गाड्या बाहेर बर्फ, ऊन, पाऊस खात आहेत. घरातलं या विषयावरचं मत इथे नोंदवत नाही.

काल बुडाला 120 नंबरचा पॉलिश पेपर मारून झाला. आज संध्याकाळी त्यावर काचेच्या धाग्यांचं कापड आणि इपॉक्सी (हार्डनर मिसळला की कडक होणारं चिकट रसायन) चढायचं. मधल्या एका दिवसात लाकूड उघडं असतं. हळद लागलेल्या नवरीला घराबाहेर पाठवत नाहीत ना, तसंच हे. घामट तळहातसुद्धा लावायचा नाही, कारण तेलकट जागी इपॉक्सी नीट धरत नाही आणि जे काही आत मुरेल ते पारदर्शक काचेखाली कायमचं बंद होतं.

नेमके त्याच दिवशी काका आले. काका म्हणजे माझ्या मेव्हणीचे सासरे. ज्याला काहीही बोलता येत नाही अशी नाती आपल्याकडे बरीच आहेत, त्यात हे बरंच वरचं. सहा महिन्यांसाठी मुलाकडे आलेत. कार्यकारी अभियंता म्हणून निवृत्त, आयुष्यभर धरणं बांधली. जेवण झालं, चहा झाला आणि "तुमची ती बोट दाखवा की" म्हणत कप हातात घेऊनच ते गॅरेजात उतरले. बशी आत राहिली.

"लाकूड कसलं?"

"वेस्टर्न रेड सीडर."

"सागवान का नाही घेतलंत?"

मी सांगितलं, की सागवान याच्या पावणेदोनपट जड, शिवाय तेलकट, म्हणून चिकटायला कटकट. ही पुरी झाली की वीस-बावीस किलोत बसेल, एकट्याला खांद्यावर नेता येईल. काकांनी ऐकून घेतलं, एक घोट घेतला आणि मोकळ्या हाताने लाकूड चाचपायचं म्हणून उजव्या हातातला कप डाव्या हातात न घेता सरळ बुडावर ठेवला.

मधोमध. होडी डळमळू नये म्हणून मध्यभागी बूड चपटं ठेवलेलं असतं, तिथे.

"काका, तिकडे स्टूल आहे."

"असू दे, इथे बरा राहतोय. लेव्हल बरोबर आहे हो तुमची!"

आठ महिन्यांत माझ्या कामाची कोणी केलेली ही एकमेव स्तुती. त्यामुळे कप उचलायला पुढे केलेला हात मी मागे घेतला. इथेच चुकलो.

"ही भोकं कसली? वाळवी?"

वाळवी नाही. अर्ध्या इंची प्लायचे सोळा फर्मे फूट-फूट अंतरावर उभे असतात आणि त्यांवर पाऊण इंच रुंद पट्ट्या एकेक करून वाकवत बसवायच्या. पट्टीच्या एका कडेला अर्धगोल खाच, दुसरी कड तशीच गोलवा दिलेली, म्हणजे वळणावरही एकीत दुसरी फट न ठेवता बसते. खाच वरच्या अंगाला ठेवायची, म्हणजे सुताराचा गोंद तिच्यात थांबतो, ओघळत नाही. फर्म्यांच्या कडांना आधी चिकटपट्टी लावायची, नाहीतर होडी आणि फर्मा यांचा जन्मोजन्मीचा संबंध जुळतो. गोंद वाळेपर्यंत प्रत्येक फर्म्यावर पट्टीला एक स्टेपल. बुडाकडच्या चाळीसेक पट्ट्या, सोळा फर्मे, म्हणजे साडेसहाशेच्या आसपास स्टेपल, आणि भोकं त्याच्या दुप्पट. नंतर ते सगळे एकेक करून उपटायचे. घाईत तिरके ओढले की शेजारचं लाकूड दबतं. सीडर इतकं मऊ, की नखाचीही खूण राहते. (दबलेल्या जागी पाण्याचा थेंब टाकून इस्त्रीचं टोक टेकवलं तर तंतू फुगून वर येतात. घरातली इस्त्री वापरू नये. एवढंच सांगतो.)

काकांनी कप उचलला, घोट घेतला, पुन्हा ठेवला. पहिल्या जागेपासून दोन बोटं पलीकडे.

"जाडी किती?"

"पाव इंच."

"पाव?" त्यांनी बोटाच्या पेरांनी टकटक केलं, डॉक्टर छाती वाजवून बघतात तसं. "फुटणार."

मी म्हटलं, काका, एकटं लाकूड फुटेलच. पण बाहेरून काचेचं कापड, आतून काचेचं कापड, दोन्ही इपॉक्सीत भिजवलेली, मध्ये लाकूड. ताण कापड घेतं, लाकूड दोन कापडांना एकमेकांपासून लांब धरतं, त्यावर सगळा ताठपणा उभा असतो.

काकांनी विचार केला. तीस-पस्तीस वर्षं टेंडर वाचलेल्या माणसाचा विचार.

"म्हणजे प्लॅस्टिकचीच झाली की. मग लाकूड कशाला?"

खरं सांगायचं तर या प्रश्नाला उत्तर नाही. दिसायला, हे उत्तर आहे. पण ते कार्यकारी अभियंत्याला देता येत नाही.

"खर्च?"

"सामानाचे बाराशे डॉलर." तासांचं त्यांनी विचारलं नाही. अडीचशे झालेत.

"परवा त्या घाऊक दुकानात मी बघितली, तीनशेला. तयार." कप वर गेला, रिकामा झाला. "तिच्यात कप ठेवायला जागा पण होती. हिच्यात कुठे आहे?"

आणि तिसऱ्यांदा ठेवला.

जाता जाता सल्ला दिला, "हार्डनर सढळ हाताने घाला, लवकर वाळेल." हे पॉलिएस्टर रेझिन या दुसऱ्याच रसायनाचं शास्त्र. माझ्या इपॉक्सीच्या डब्यावर दोनास एक लिहिलंय, ते मापाने दोनास एकच. हार्डनर जास्त झाला तर जास्तीचा तसाच उरतो आणि होडी जन्मभर बोटांना चिकटत राहते. मी "हो काका" म्हटलं.

आत गेल्यावर बायकोने आणखी अर्धा कप दिला. डायनिंग टेबलापाशी थबकून काकांनी विचारलं, "खाली ठेवायला काही आहे का? डाग पडायचा उगीच." ते टेबल हप्त्यावर घेतलेलं, भुसा दाबून केलेलं, वर लाकडाचा छापील कागद. त्याला कोस्टर. मला चहाच्या डागापेक्षा हा कोस्टर जास्त लागला आणि अजून लागतोय.

ते गेल्यावर डागांवर स्पिरिटचा बोळा फिरवला. स्पिरिटने दुधाची चिकटी निघते, आणि ओलं असेपर्यंत लाकूड इपॉक्सीखाली कसं दिसेल तेही कळतं. सीडर मधासारखं तांबूस झालं आणि तिन्ही वर्तुळं सुरेख खुलली. अजून दोन असती तर ऑलिम्पिक. ओल्याने उठलेले तंतू बसवायला हलका पेपर मारला, डाग हटले नाहीत. मऊ लाकडात चहा खोल जातो. आणखी घासायचं म्हणजे तिथे खळगा, आणि गुळगुळीत वार्निशवर खळगा डागापेक्षा लांबून दिसतो. शिवाय रंधा मारून पाव इंचातलं थोडं आधीच गेलंय.

"बुडालाच आहे ना, मासेच बघणार," बायको म्हणाली. तिला अजून सांगितलेलं नाही, की होडी गॅरेजच्या छताला टांगायची आहे. रोज सकाळी गाडी काढताना डोक्यावर बूडच येणार.

आता साडेसहा वाजलेत, पारा उतरायला लागलाय. इपॉक्सी उतरत्या पाऱ्यावरच लावायचं. तापत्या लाकडातली हवा फुगून बाहेर येते आणि कापडाखाली बुडबुडे धरतात. निवत्या लाकडात उलट इपॉक्सी आत ओढलं जातं. कालवायचं थोडं-थोडं, कालवलं की लगेच होडीवर ओतायचं. डब्यात साठून राहिलं तर आपल्याच उष्णतेने धुमसतं. ब्रश, स्क्वीजी, हातमोजे काढून ठेवलेत. गॅरेजचं दार आतून लावलंय.

बायको बाहेरून विचारतेय, चहा तिकडेच आणून देऊ का.