आमच्या लोचने तुमच्या एंजलचे पंख कुरतडले, त्याबद्दल

ताई, नमस्कार. तुमचा एक स्टारचा अभिप्राय वाचला, फोटो आणि व्हिडिओही पाहिले. बाकी वाचणाऱ्यांना कळावं म्हणून तुमचं म्हणणं आधी थोडक्यात सांगतो. टाकीतल्या गोगलगायी खायला म्हणून तुम्ही आमच्या म्हापशाच्या दुकानातून दोन लोच मासे नेलेत. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "तळाचा मासा, कुणाबरोबरही चालतो." आठ दिवसांत टाकीतल्या दोन्ही एंजल माशांच्या पंखांच्या चिंध्या झाल्या. एक लोच सारखा आडवा पडून असतो, म्हणजे तो आजारीच विकला. परत द्यायला फोन केलात, तर आम्ही "मासा परत घेत नाही" म्हणून मोकळे झालो. शिवाय असले परदेशी मासे आपल्या पाण्यात जगतच नाहीत, असंही तुम्ही लिहिलंय.

बिलबुक काढून बघितलं. शुक्रवारच्या बाजाराचा दिवस, दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती, आणि बिलावर लिहिलंय: "लोच २, मिक्स, ३२० रु." आमची चूक त्या "मिक्स"मध्ये आहे. तुम्हाला एक क्लाउन आणि एक योयो, अशा लोचच्या दोन वेगळ्या जाती दिल्या गेल्या. लोच हा टोळीने राहणारा मासा. पाच-सहा जण असले की त्यांची आपसात पाठलाग, ढकलाढकली चालते, कोण वरचढ ते ठरतं, आणि बाकीच्या माशांकडे त्यांचं फारसं लक्ष जात नाही. एकटा पडलेला क्लाउन बहुधा भेदरून लाकडाखाली बसतो. एकटा योयो मात्र करमत नाही म्हणून शेजाऱ्यांच्या मागे लागतो. तुमच्याकडे नेमकं तेच झालं.

व्हिडिओत एंजलच्या पोटाखालचे ते दोन लांब दोरे नीट बघा. एकाचा अर्धा गेलाय, दुसऱ्याचं टोक पांढरं पडलंय. शेपटी नंतरची, कुरतडायची सुरुवात त्या दोऱ्यांपासून झालेली दिसते. एंजल रात्री एका जागी लोंबकळल्यासारखा झोपतो आणि लोच दिवे मालवले की हिंडायला निघतो. त्याच्या नाकासमोर लोंबणारी प्रत्येक गोष्ट त्याला चाखून बघायची असते. म्हणून एंजल, फायटर, लांब शेपटीचे गप्पी, असे सावकाश पोहणारे झुलत्या पंखांचे मासे योयोबरोबर ठेवायचे नाहीत. स्कंक लोच तर त्याहून खट्याळ, तो मी मागवणंच सोडलंय. हे सगळं आम्ही बिल करण्याआधी सांगायला हवं होतं. "टाकीत आणखी कोण आहे?" हा एक प्रश्न मुलाने विचारला नाही, आणि त्याने तो विचारावा हे मी त्याला शिकवलं नव्हतं. त्याच्यावर ढकलत नाही.

पण आजारी मासा विकला, हे मान्य नाही. तुमच्या व्हिडिओत क्लाउन लाकडाला टेकून कुशीवर पडलाय, कल्ले संथ हलताहेत, पट्ट्यांचा रंग गडद आहे, अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके कुठेच नाहीत. तो झोपलाय. क्लाउन लोच असेच झोपतात, आडवे, कधी तर पोट वर करून. माझ्याकडचा पहिला क्लाउन मी मेला समजून मगात काढायला गेलो, तेव्हा तो टणकन उडून पंपामागे जाऊन बसला. आजारी क्लाउनचा रंग उडतो, तो दगडावर अंग घासतो, खाणं सोडतो. तसं काही दिसलं तर लगेच फोन करा, आणि पांढऱ्या ठिपक्यांचं औषध बाटलीवरच्या पूर्ण मात्रेत ओतू नका. लोचच्या अंगावर खवले नावालाच असतात, औषध त्याला लवकर बाधतं. आम्ही अर्ध्या मात्रेने सुरू करतो आणि टाकीचं पाणी हळूहळू ३० अंशांपर्यंत नेतो.

परदेशी म्हणाल, तर क्लाउन खराच परदेशी, बोर्निओ-सुमात्राचा. योयो आपल्या उत्तरेकडच्या नद्यांतला. आणि घाट चढून आंबोलीला गेलात, तर हिरण्यकेशीच्या उगमापाशी महादेवाच्या देवळाच्या तळ्यात लोचची एक नवी जात २०२० साली नोंदली गेली. महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. आपल्याच घाटातला झेब्रा लोच लोक माझ्याकडे मागतात. तो संकटग्रस्त यादीत आहे, म्हणून मी ठेवत नाही. पाण्याची तर तुम्हाला काळजीच नको. डिचोलीकडच्या चिऱ्याच्या विहिरीचं पाणी बहुतेक मऊच असतं, लोचला ते मानवतं. त्रास होतो तो पावसाळ्यात लाईट जाते तेव्हा. पंप बंद पडतो आणि तळाशी राहणारे आधी धापा टाकू लागतात.

खरी अडचण टाकीची आहे. तुमची अडीच फुटी, भरून ऐंशी-पंच्याऐंशी लिटर. क्लाउन विकतो तेव्हा दोन इंची असतो, पण हळूहळू वाढत फुटापर्यंत जाऊ शकतो आणि वीस वर्षंही जगतो. असे पाच म्हणजे सहा फुटी टाकीचं काम, सोबतीला आठ-दहा टायगर बार्ब किंवा जायंट डॅनिओ, म्हणजे चपळ आणि आखूड पंखांचे. तुमच्या व्हिडिओत कोपऱ्यात एक सकर, म्हणजे काचेला तोंडाने चिकटणारा मासाही दिसला. लाकडाखालच्या त्याच गुहेवरून त्याची आणि योयोची जुंपणार, आज नाही तर उद्या. एक गोल्डफिशही आहे. लोच नसता तरी तो एंजलबरोबर नको होता, त्याला गार पाणी लागतं. तो तुम्ही आमच्याकडून नेलेला नाही, एवढं मात्र नोंदवतो.

तुमच्या मुलीला तळाशी काहीतरी वळवळणारं हवंच असेल, तर कुली लोच घ्या. बोटाएवढे, गांडुळासारखे, गरीब स्वभावाचे. सहा तरी घ्या आणि खाली खडीऐवजी बारीक वाळू घाला, टोकदार खडीने त्यांच्या मिशा झिजतात. गोगलगायी मात्र ते संपवणार नाहीत. त्यासाठी मासाच नको. रात्री काकडीची चकती बुडवून ठेवा, सकाळी तिच्यावर चिकटलेल्या गोगलगायींसकट उचला, आठ-दहा दिवस करा. आणि खाणं निम्म्यावर आणा. तळाशी उरलेल्या दाण्यांवरच त्या वाढतात. हे फुकटचं उत्तर त्या दिवशी दिलं असतं, तर आमचे ३२० रुपये बुडाले असते, पण तुमचे एंजल शाबूत राहिले असते.

परतीचा नियम आहे आणि राहील. बाहेरून आलेला मासा दुकानाच्या टाकीत सोडला, तर पांढरे ठिपके चार दिवसांत सगळीकडे पसरतात. पण तुमच्या बाबतीत चूक आमची, त्यामुळे दोन्ही लोच परत घेतो, वेगळ्या टाकीत ठेवतो, पैसे रोख देतो. एंजलना बदली मासे देत नाही, कारण पाणी स्वच्छ राहिलं तर पंख परत येतात. फोनवर तुमच्याशी तुटक बोलणारा मीच होतो, त्याबद्दल माफ करा.

पकडताना जाळी वापरू नका. क्लाउनच्या डोळ्याखाली एक काटा असतो, घाबरला की तो बाहेर काढतो आणि जाळीत अडकतो. प्लास्टिकचा मग पाण्यात आडवा धरा आणि मासा त्यात हाकला. पिशव्या दोन, एकात एक, तोच काटा पिशवीही फोडतो. टिक-टिक असा आवाज आला तर दचकू नका, तो रागावलाय. शुक्रवार सोडून कधीही या. दुपारी एक ते साडेतीन दुकान बंद असतं.