कोण ना थंय

कालच्या रविवारी मी मोटरसायकलवरून पडलो. वेगात पडलो असतो तर निदान सांगायला तोंड उरलं असतं. पण गाडी बंद होती, साइड स्टँडवर होती, आणि मी शेजारी उभा राहून मोबाइलवर तिचा फोटो काढत होतो. चवथीनंतरच्या पावसाने भिजलेल्या मातीत स्टँड हळूहळू रुतत गेला, गाडी माझ्याकडे कलली, आणि तिला सावरायला गेलेला मी तिच्यासकट आडवा.

'ब्रेकफास्ट राइड' आमच्या ग्रुपवर ठरली होती. आठ जणांनी अंगठे दाखवले आणि पहाटे पंपावर हजर एकटा मी. तर म्हापसा, अस्नोडा, डिचोली, साखळी, पर्ये करत केरीपर्यंत आलो. पुढे चोर्ला घाट, गोव्यातून बेळगावकडे चढणारा. केरीच्या पुढे रस्त्याकडेला एक गाडा आहे, भजी-चहाचा. त्याच्या बरोब्बर समोर हा प्रकार घडला.

गाड्यापाशी बाकड्यावर एक म्हातारा बसला होता. लुंगी, बनियन, हातात चहा. तो उठला नाही. आधी चहा संपवला.

"कितें जालें रे?"

काय झालं ते रस्त्यावर पसरलेलं दिसत होतं. टाकीच्या झाकणातून पेट्रोल ठिबकत होतं. मी कुथत होतो. पेट्रोलसकट जवळपास 200 किलोची गाडी. ती उचलण्याचे व्हिडिओ मी पाहिले आहेत, त्यात एक किडकिडीत मुलगी ती सहज उचलते. मी काही ती मुलगी नाही.

म्हातारा जवळ आला, पण त्याची नजर गाडीकडे नव्हती, माझ्या पायांकडे होती.

"ढोपरांक कितें जालें? ऑपरेशन?"

"नाही काका, नी-गार्ड आहेत. पडल्यावर लागू नये म्हणून."

"मागीर लागलें ना मू?"

लागलं होतं. कोपराला. तिथेही गार्ड होतं, पण जरा वर सरकलं होतं. मी काही बोललो नाही.

"खंय वता?"

"चोर्ल्याला."

"कोण आसा थंय?"

"कोणी नाही."

"मागीर कित्याक?"

"असंच. घाट बघायला."

म्हाताऱ्याने मान वळवून डोंगराकडे बघितलं, मग माझ्याकडे. "हांगाच्यान दिसता मरे!"

यावर काय बोलणार? म्हटलं, वर जाऊन चहा घेणार आणि परत येणार. त्याने आपल्या हातातल्या रिकाम्या ग्लासाकडे पाहिलं आणि गाड्यामागे भजी तळणाऱ्या बायकोला हाक मारली, "अगे, आयकलें? हो चोर्ल्याक वता आनी परत येता. कोण ना थंय!" ती झारा हातात घेऊनच बाहेर आली. मला नीट निरखलं. साडेनऊ हजारांचं जॅकेट, हातमोजे, घोट्याच्या वरपर्यंत बूट, आणि मातीने माखलेली एक बाजू. "च्च," एवढंच म्हणाली आणि आत गेली. भजी करपत होती.

गाडी अजून आडवीच होती, बरं का.

मग कळलं की काका पायलट. विमानाचा नव्हे, आपल्याकडचा, पिवळ्या मडगार्डाचा, भाड्याने मागे माणूस बसवून नेणारा. तीस वर्षं वाळपईच्या स्टँडवर. त्याने मागच्या सीटवरून काय काय नेलंय ते मला उकिडवं बसून ऐकावं लागलं: बाळंतीण, खताची गोणी, बकरा, आणि दर चवथीच्या आदल्या दिवशी गणपती. मागचा माणूस मूर्ती मांडीवर धरून बसतो, सोंडेला हातरुमाल गुंडाळलेला. "एक पावटीय सोंड मोडली ना," म्हणजे एकदाही मोडली नाही, असं तो म्हणाला आणि माझ्या वाकलेल्या आरशाकडे बघितलं.

त्यानंतर त्याने शिकवलं. आधी चावी बंद. मग गाडी गियरात घाल, नाहीतर उचलताना घरंगळेल. हँडल पुरतं वळव. गाडीकडे पाठ कर, कुल्ले सीटला टेकव, एका हातात हँडल, दुसऱ्या हातात मागची सळई, आणि पाठीने नको, पायांनी रेट. उचलली मीच. तो फक्त बनियनच्या आतून पोट खाजवत उभा होता. स्टँडखाली त्याने पायानेच चिऱ्याचा एक चपटा तुकडा सरकवला.

आता माझी बाजूही ऐका. तळहाताएवढ्या त्या चिऱ्याची गरज मला का पडावी? कारण गाडी उभी करायला रस्त्याला धड कडाच नाही. हॉटमिक्स डांबरीकरण झालं की महिन्याभरात कोणीतरी पाइप घालायला चर खणतो, वर माती लोटतो आणि निघून जातो. वळणावर सुटी खडी. घाटात बेळगावहून भाजीचे ट्रक समोरून अंगावर येतात. आमच्या ताटातला कोबी ज्या रस्त्याने रोज गोव्यात येतो त्याच रस्त्याला मी राइड म्हणतो आणि जॅकेट घालून जातो, हे मला कळतं. पण वर कठड्यापाशी बाटल्यांचा जो खच पडलेला असतो तो कोबीने टाकलेला नाही. म्हादईचं अभयारण्य 1999 साली जाहीर झालं, तरी त्याला लागूनच बिअरच्या काचा. त्या टाकणारेही घाट बघायलाच येतात. म्हणजे माझ्याच जातीचे. यावर आमच्या ग्रुपवर कोणी अंगठा दाखवत नाही.

असो. गेलो वर. हट्टानेच गेलो. धुकं एवढं की माझंच पुढचं चाक मला अंदाजाने ठाऊक होतं. टपरीवर चहा घेतला, तो गोडमिट्ट होता. कॅमेऱ्यात आले ते बारा पांढरे फोटो.

उतरताना गाड्यापाशी थांबायचं नाही असं पक्कं ठरवलं होतं. पण म्हातारा रस्त्यातच उभा.

"घाट दिसलो?"

"धुकं होतं."

तो हसला नाही. हसला असता तर मी भांडलो तरी असतो. चिऱ्याचा तो तुकडा तिथेच होता, मी त्यावर निमूटपणे स्टँड टेकवला. चहा आला, मिरचीची भजी आली. मी पाकीट काढलं.

"पयसे नाका," बाई म्हणाली, आणि उरलेली चार भजी कागदात बांधून माझ्या त्या महागड्या हातमोज्यांत ठेवली. "घरा तरी कोण आसा मू?"