कुंडीतली वेल आणि बागेतली वेल : एका प्रतिक्रियेला उत्तर

कोपरखैरणेकर महोदय,

द्राक्षाच्या नव्या रोपांना उपयुक्त बुरशी व जिवाणू देण्याविषयीचा माझा लेख आपल्याला खतविक्रेत्याच्या पत्रकासारखा वाटला. आपण गच्चीवर डॉगरिज खुंटावरची (मुळाकडचा भाग डॉगरिज जातीचा असलेली) द्राक्षाची दोन कलमे लावलीत, एकाच्याच मुळाशी मायकोरायझाची, म्हणजे मुळीत राहणाऱ्या उपयुक्त बुरशीची, पावडर घातलीत, दोन्हींना दर पंधरा दिवसांनी डीएपी हे रासायनिक खत दिलेत, आणि चार महिन्यांनी दोन्ही वेली सारख्याच वाढलेल्या दिसल्या. ‘मातीत हे जीव असतातच, मग विकत आणून ओतायचे कशाला?’ हा आपला प्रश्न आहे. शेजारी बिनपावडरीचे रोप ठेवण्याची शिस्त फार थोडे जण पाळतात, म्हणून सविस्तर लिहितो.

आपला निष्कर्ष आपल्या कुंडीपुरता बरोबरच आहे. स्फुरद (फॉस्फरस) मातीत जागचे फारसे हलत नाही. मुळी आपल्या भोवतालच्या काही मिलिमीटरांतले स्फुरद उचलते आणि तेवढा पट्टा रिकामा होतो. द्राक्षाच्या मुळ्या तुलनेने जाड आणि केसमुळे विरळ, त्यामुळे ही अडचण या पिकाला अधिक जाणवते. मायकोरायझाचे तंतू मुळीपेक्षा कितीतरी बारीक असतात. ते त्या रिकाम्या पट्ट्यापलीकडे काही सेंटिमीटर जाऊन स्फुरद आणि जस्त आणतात व त्या बदल्यात वेलीकडून साखर घेतात. डीएपीमध्ये मात्र ४६ टक्के स्फुरद असते. ते दर पंधरवड्याला दाराशी येऊन पडत असेल, तर वेल ही साखर खर्च करील कशाला? ती बुरशीला मुळीत फारसा थारा देत नाही. शिवाय कुंडी एवढीशी की चार महिन्यांत मुळ्यांनीच ती भरून जाते. तंतूंनी जाऊन आणावे असे दूरचे काही उरतच नाही.

नाशिक-सांगलीकडच्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनींची गोष्ट निराळी. तिथे सामू (पीएच) आठच्या आसपास असतो आणि घातलेले स्फुरद कॅल्शियमशी बांधले जाते. माती परीक्षणात एकूण स्फुरद भरपूर, पण रोपाला उपाशीपण, असा प्रकार होतो. स्फुरद विरघळवणारे जिवाणू सेंद्रिय आम्ले सोडून ते मोकळे करतात हे खरे, पण चुनखडी फार असेल तर ती ही आम्लेही गिळून टाकते. म्हणून अशा जमिनीत मी त्यांच्यापेक्षा मायकोरायझावर अधिक भिस्त ठेवीन. मूळ लेखात हा फरक मी केला नव्हता, ही उणीव आहे.

निफाड तालुक्यातल्या आमच्या मेहुण्यांच्या बागेतून आणलेली पांढरी मुळी मी इथे ठाण्यात, नौपाड्यातल्या स्वयंपाकघरात पाहिली आहे. पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात तापवून ती पारदर्शक करायची, धुवायची, मग व्हिनेगरमध्ये फाउंटन पेनची शाई मिसळून त्यात थोडा वेळ ठेवायची. (या कामाचे भांडे घरात वेगळे ठेवावे लागले, हे सांगायला नकोच.) जुन्या सूक्ष्मदर्शकाखाली पेशींच्या रांगा दिसतात आणि मधल्याच एखाद्या पेशीत निळे झुडूप उगवल्यासारखे दिसते, एका देठाला असंख्य फांद्या. देवाणघेवाण होते ती याच झुडपात, आणि त्याचे आयुष्य जेमतेम काही दिवसांचे.

‘मातीत हे असतातच’ या आपल्या मुद्द्याला मी बहुतांशी मान्यता देतो. जुन्या, नांगरट कमी असलेल्या बागेत पुड्या ओतणे हा बहुधा वायफळ खर्च आहे. उपयोग दिसण्याची शक्यता आहे ती रोपवाटिकेच्या पिशवीत, निर्जंतुक केलेल्या मातीत, किंवा सपाटीकरणात वरचा थर निघून मुरूम उघडा पडला आहे अशा प्लॉटात. तिथेही बुरशी मुळीला प्रत्यक्ष लागली पाहिजे, कारण जिवंत मुळीवाचून ती वाढत नाही. लागवडीच्या खड्ड्यात मुळ्यांशी घालावी, वरून शिंपडू नये, आणि त्याच सुमारास कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाची आळवणी करू नये (ते मुळाशी ओतू नये). ओळींमध्ये आंतरपीक घ्यायचे तर ताग चालेल. कोबी-मोहरीच्या कुळातली पिके या बुरशीला आसरा देत नाहीत.

एक वाक्य मात्र मी मागे घेतो. ॲझोटोबॅक्टर या जिवाणूमुळे नत्राची (नायट्रोजन खताची) मात्रा निम्मी करता येते, असे मी लिहिले होते. मोकळ्या मातीत राहणारा हा जिवाणू नत्र बांधतो, पण थोडेच. रोपाला होणारा लाभ पुष्कळदा त्याने स्रवलेल्या वाढ-संप्रेरकांमुळे असतो. ते वाक्य लेखातून काढले आहे.

राहता राहिली आपली पुडी. उन्हात तापलेल्या दुकानात ती किती महिने पडून होती, हे आपणही लिहिले नाही आणि पाकिटावरूनही कळत नाही. खत नियंत्रण आदेशानुसार ॲझोटोबॅक्टर किंवा स्फुरद विरघळवणाऱ्या जिवाणूंच्या भुकटीत ग्रॅममागे किमान ५ कोटी जिवंत पेशी हव्यात. मायकोरायझाची मोजणी वेगळी असते, पण ‘जिवंत’ ही अट तिथेही आहे. आपली हरकत नसेल तर दोन्ही कुंड्यांच्या कडेची बोटभर बारीक मुळी ओल्या मातीसकट वेगवेगळ्या डब्यांत घालून रविवारी ठाण्याला आणावी. कोणत्या डबीत पावडर घातलेल्या वेलीची मुळी आहे, ते मला आधी सांगू नये.