बत्तीस म्हणजे बत्तीस!

“दोन्ही सेमच असतं हो मॅडम. बसून जाईल.”

नाही बसत! गाडीच्या रिमोटला २०३२ नंबरचा सेल लागतो म्हणजे २०३२च लागतो. त्यातले २० म्हणजे वीस मिलिमीटर रुंदी आणि ३२ म्हणजे ३.२ मिलिमीटर जाडी. तुम्ही माझ्या हातावर टेकवताय तो २०२५, म्हणजे अडीच मिलिमीटरचा. तो आत बसत नाही, नुसता लोळतो. पत्र्याच्या पट्टीला कधी टेकतो, कधी टेकत नाही. हे सगळं मी नाशिकच्या एमजी रोडवरच्या त्या दुकानाच्या काउंटरवर उभं राहून शांत आवाजात, नीट सांगितलं. तर त्या गृहस्थाने माझ्या खांद्यावरून मागे पाहिलं आणि विचारलं, “मिस्टर आलेत का सोबत?”

मिस्टर! मिस्टर घरी आहेत. मिस्टरांनी आयुष्यात टीव्हीच्या रिमोटचे सेलसुद्धा कधी बदलले नाहीत, ते रिमोटला चापट मारतात. गाडी माझ्या नावावर, हप्ता माझ्या पगारातून. द्वारकेच्या चौकात दोन ट्रकांच्या मधून ती गाडी मीच काढते, तेव्हा मिस्टर डोळे मिटून वरचं हँडल धरून बसलेले असतात. त्यांना काय विचारायचं?

“नाही, त्यांना एकदा फोन करून घ्या. नंतर म्हणाल चुकीचा दिला.”

अहो, मी जुना सेल सोबत आणलाय! त्याच्या पाठीवर कोरलंय, सीआर २०३२, तीन व्होल्ट, शेजारी अधिकचं चिन्ह. त्याने काय करावं? दोन्ही सेल काचेवर शेजारीशेजारी ठेवले, वरून पाहिले आणि जाहीर केलं, “हे बघा, सेम.” वरून सेमच दिसणार ना! रुंदी एकच आहे! जाडी बाजूने बघतात, वरून नाही! मी बाजूने दाखवले. तर म्हणे, “व्होल्टेज तर सेमच आहे ना? तीनच.” या अर्धवट बरोबर बोलणाऱ्या माणसांचा मला फार राग आहे. साफ खोटं बोलणाऱ्याला निदान झापता येतं. याचं अर्धं खरं असतं, आणि त्या अर्ध्यावर तो पाय रोवून उभा राहतो.

आणि मग त्याने तोडगा काढला. “खाली चॉकलेटचा चंदेरी कागद घाला दुमडून. टाइट होतो.” लाखांची गाडी मी चॉकलेटच्या कागदावर चालवू? मला हवा तो २०३२ त्याच्याच डोक्यामागे खुंटीवर लटकत होता. मी बोट दाखवलं, “तो काय आहे?” तर त्याने मान वळवून निवांत बघितलं आणि म्हणाला, “हां, तो आहे. पण महाग पडतो तुम्हाला. म्हणून म्हटलं.” किती महाग? वीस रुपये. माझे वीस रुपये वाचावेत म्हणून हा माणूस एवढा वेळ झटत होता.

पैसे दिले. निघाले. मागून आवाज: “काकू, पिशवी देऊ?”

आत शिरले तेव्हा मॅडम होते, बाहेर पडताना काकू. मिशीला कलप लावलेल्या माणसाची मी काकू! आणि नाण्याएवढ्या सेलला पिशवी कशाला?

बरं, एवढ्यासाठी इंदिरानगरातून एमजी रोड गाठायचा म्हणजे काय, ते नाशिककरांना सांगायला नको. गाडी नेली तर लावायची कुठे? म्हणून रिक्षा. रिक्षात “मीटरने चला” म्हटलं की तो ज्या प्रेमाने हसतो, तसं माझ्याकडे लग्नातसुद्धा कोणी बघितलं नव्हतं. मुंबई नाक्यापर्यंत आधी त्याने माझी मजा बघितली, मग आम्ही दोघांनी मिळून सिंहस्थासाठी खणून ठेवलेल्या रस्त्यांची बघितली.

हे रामायण सुरू झालं कॉलेज रोडवर. आदल्या दिवशी संध्याकाळी दोन्ही हातांत भाजी घेऊन गाडीशी उभी. बटण दाबते, काही नाही. भाच्याने मागे सांगितलं होतं, रिमोट हनुवटीला टेकवून दाबला की जरा लांबवर पोचतो. तेही केलं. गाडीपासून एका हातावर उभी राहून हनुवटीला किल्ली लावलेली बाई! शेजारच्या ज्यूसवाल्याने ग्लास पुसणं थांबवलं. शेवटी रिमोटच्या पोटातून ती लोखंडी पातळ किल्ली ओढून काढली, हँडलवरचं झाकण उचकटलं, कुलूप उघडलं आणि गाडीने बोंब ठोकली. मालकिणीनेच कुलूप उघडलं म्हणून! स्वतःच्या किल्लीने! रिमोटने बंद केलेली गाडी किल्लीने उघडली की ती तुम्हाला चोर समजते. एक जण म्हणाला, “बोनेट खोला.” दुसरा म्हणाला, “वायर काढा.” तिसरा व्हिडिओ काढत होता. मेलेला रिमोट स्टार्टच्या बटणाला चिकटवून धरला आणि बटण दाबलं की गाडी चालू होते, भोंगाही थांबतो. आत एक चिमुकली चिप असते, तिला गाडीकडूनच वीज मिळते, सेल लागत नाही. हे मला ठाऊक होतं म्हणून वाचले. मॅन्युअलमध्ये ते कुठल्या तरी कोपऱ्यात बारीक अक्षरांत आहे. ब्लूटूथ जोडायचं मात्र चित्रांसकट, सावकाश.

गाडी घेतली त्या दिवशी शोरूममध्ये हार घातला, केक कापला, पुठ्ठ्याची दोन फुटी किल्ली हातात देऊन फोटो काढला. खऱ्या किल्लीत सेल कसा घालतात, ते दाखवायला कोणाला दोन मिनिटं नव्हती. आता सर्व्हिस सेंटरला फोन केला, तर म्हणे अपॉइंटमेंट घ्यावी लागेल. किल्लीसाठी? “हो मॅम, आणि गाडीपण आणावी लागेल. आणि घरी ओपन करू नका. डॅमेज झाला तर पूर्ण की रिप्लेस, प्रोग्रामिंगसकट.” पुढे जो आकडा सांगितला तेवढ्यात आमच्या गल्लीत सेकंडहँड स्कूटर येते. वर फोन ठेवताठेवता, “फीडबॅकचा कॉल येईल मॅम, दहापैकी दहा द्या.” कशाचे? घाबरवल्याचे?

म्हणून घरी. आधी ते पाकीट. बोटांनी फाटत नाही, दातांनी फाटत नाही, कात्रीला दाद देत नाही. लहान मुलांच्या हाती लागू नये म्हणून तसं करतात, आणि ते शंभर टक्के मान्य. असा सेल पोरानं गिळला तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते, त्यावर मी हूं की चूं करणार नाही. पण सॉसच्या पुडीचं काय? तिच्यात कोण काय गिळणार आहे? “येथून फाडा” लिहिलेल्या जागी आजवर एक पुडी फाटली असेल तर शपथ. श्रीखंडाच्या डब्यावरचा कागद, नव्या बर्नरच्या शेगडीची नळी, औषधाच्या बाटलीचं दाबून फिरवायचं झाकण... जाऊ दे, विषय सेलचा आहे.

मग व्हिडिओ. आधी अर्धा मिनिट ढँगढँग संगीत, मग “दोस्तो, चॅनल को सबस्क्राइब”, मग त्याने स्वतःची ओळख करून दिली, मग नखं स्वच्छ कापलेला एक हात आला. आणि नेमकी जिथे फट आहे तिथे त्याचा अंगठा! उघडल्याचा आवाज येतो, उघडताना दिसत नाही. प्रत्येकाचाच अंगठा तिथे कसा असतो? संघटना आहे का यांची?

मी आपली पातळ स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाला चिकटपट्टी गुंडाळली, म्हणजे ओरखडे पडत नाहीत, मग ते टोक किल्लीच्या खाचेत घातलं, हळूच पिरगाळलं. कट्ट! कवच दुभंगलं, बटणांचं रबर उडून गॅसच्या ओट्याखाली, आतली सर्किटची हिरवी पट्टी मांडीवर. आता सेलची अधिकची बाजू वर की खाली? कुठल्या रिमोटला वर असते, कुठल्याला खाली. आत खूण कोरलेली आहे म्हणतात. असेल. काळ्या प्लॅस्टिकवर, काळ्याच रंगात. चार्जरच्या मागचं असंच, मिक्सरच्या बुडाचं असंच. आंधळी कोशिंबीर लावलीय सगळ्यांनी ग्राहकाशी.

चष्मा लावला. मोबाइलचा टॉर्च लावला. फोटो काढून तो मोठा करून बघितला, दिसला माझाच अंगठा. मग सासूबाईंचं भिंग आणलं आणि गॅलरीत उन्हाला जाऊन उभी राहिले. आतून आवाज, “काय शोधतेस गं?”

“अधिकचं चिन्ह!”

“सापडलं की भिंग दे. चंद्रोदय किती वाजता आहे ते बघायचंय.”

तिथे मला माझंच ध्यान दिसलं. एका डोळ्यावर भिंग, तोंडात स्क्रू ड्रायव्हर, केसांत चिकटपट्टी, आणि मी एका प्लॅस्टिकच्या तुकड्याला “दाखव, दाखव ना मेल्या” म्हणतेय. खालच्या मजल्यावरच्या काकांनी मान वर करून विचारलं, “सगळं ठीक ना?” ठीक आहे म्हटलं. एमजी रोडचा तो कलपवाला तेव्हा समोर असता, तर त्याने नुसतं काकू म्हणून सोडलं नसतं.

चिन्ह सापडलं. सेल बसला, गच्च, चॉकलेटच्या कागदाविना. पट्टी जागेवर, ओट्याखालचं रबर झाडूने काढून धुतलं, पुसलं, कवच दाबलं. गॅलरीतूनच बटण दाबलं आणि खाली गाडीने दोन दिवे मिचकावले. मी मुद्दाम आणखी चारदा उघडली, चारदा बंद केली. वॉचमन वर बघत राहिला. बघू दे.

मिस्टर पेपरातून मान वर न करता म्हणाले, “झालं ना? पाचच मिनिटांचं काम होतं ते.” मी काही बोलले नाही. हातात स्क्रू ड्रायव्हर असताना बोलू नये.

कपाटातली दुसरी किल्लीही आता मेलेलीच निघालीय. कोणी न वापरता. नुसती पडूनपडून संपली, म्हणजे पुन्हा तोच सेल, तीच कात्री. आणि संपलेल्या सेलचं काय करायचं? पाकिटावर कचऱ्याच्या डब्याच्या चित्रावर फुली मारलीय. घंटागाडी आली तेव्हा घेऊन खाली गेले. ओल्यात की सुक्यात? त्याने सेल हातात घेऊन उलटापालटा केला, परत दिला आणि म्हणाला, “हे वेगळं असतं ताई. हे इथं नाही चालत.” वेगळं ते कुठे, हे विचारेपर्यंत गाणं वाजवत गाडी पुढच्या गल्लीत वळलीसुद्धा.